जुईचं आवताण

२४ नोव्हेंबर, सोमवार

जुई शाळेतून आली ती दप्तर न काढताच सांगत सुटली. लोणावळ्याच्या तिच्या खास मुलांच्या शाळेत नवीन बाई आल्यात. आज वर्गात कुणाचा तरी वाढदिवस होता, तर बाईंनी केक आणू दिला नाही. म्हणाल्या, याला भेट द्यायची असेल तर प्रत्येकाने दुसऱ्या कुणासाठी तरी आज एक काम करा. जुईने कुणाच्या तरी बुटाची नाडी बांधून दिली. नाडी बांधायला ती स्वतः किती महिने शिकत होती ते मला माहीत आहे.

"माझा पण तसाच करायचा. चौदा तारखेला. सगळ्या गावाचा."

सगळ्या गावाला कोण सांगणार, म्हटलं. तर म्हणे, मी.

अठरा पूर्ण होतील आता. पाचव्या वाढदिवसाला अंगणात फुगे लावले होते, तर गावातलं एक पोर आलं नाही. आयांनी पाठवलंच नाही, लागण होते म्हणून. डाऊन सिंड्रोमची लागण. थोरल्या जावेची प्राजक्ता तेवढी होती, दहा वर्षांची. मला वाईट वाटू नये म्हणून ती एकटी बसून केक खात राहिली आणि मग तिला उलटी झाली. त्यानंतर वाढदिवस घरातल्या घरात, दार लोटून.

जुईला यातलं काही आठवत नाही. बरंय.

२६ नोव्हें., बुध.

आज खरंच फिरली. आमच्या दारापासून लेण्यांच्या पायथ्यापर्यंत घर न् घर. मी मागे, थोडं अंतर ठेवून. तिचं भाषण ठरलेलं: "चौदा तारखेला माझा वाढदिवस. मला काही नको. तुम्ही कुणाला तरी मदत करा. मग मला येऊन सांगा." जीभ जड, त्यामुळे शब्द अर्धे गिळले जातात. लोक तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघायचे, मी समजावून सांगेन म्हणून. मी नाही सांगितलं. समजून घ्यायचं असेल तर तिला परत विचारा. दोघातिघांनी विचारलं.

दुकानात पोपटभाऊंनी बरणीतून चॉकलेट काढून दिलं. म्हणाले, ही बघ आमची मदत. जुईने चॉकलेट काऊंटरवर परत ठेवलं. "मला नाही. दुसऱ्याला."

पोपटभाऊ हसले, पण बारीक तोंड करून. कुणी काही दिलं की जुईने घ्यायचं आणि आम्ही हात जोडायचे, अशीच सवय आहे सगळ्यांना. बिचारी म्हणायलाही सोपं जातं.

घरी येईपर्यंत माझीच छाती भरून आली होती. आनंदाने म्हणू का रागाने, ठरवता येईना. बहुतेक रागानेच.

३० नोव्हें., रवि.

आज लेण्यांना गर्दी, म्हणजे आपल्या खाणावळीत गर्दी. अंगणातल्या मांडवात दुपारपर्यंत एक टेबल रिकामं नव्हतं. पिठलं दोनदा करावं लागलं.

पुण्याच्या एका ग्रुपला जुईने तिचं आवताण दिलं. त्यातली एक मुलगी फोन काढून तिचं शूटिंग करायला लागली. ताई, किती इन्स्पायरिंग आहे, आम्ही टाकतो, खूप लोक बघतील. म्हटलं, फोन खाली ठेवा. आम्ही चांगल्यासाठीच करतोय, म्हणाली. म्हटलं, चांगल्यासाठी करायचं असेल तर जाताना सगळ्यांची ताटं उचलून मोरीत ठेवा, भांडी घासणाऱ्या बाईची आज कंबर धरलीय.

तोंडं बघण्यासारखी झाली. पण ठेवली ताटं. तीच मुलगी पदरचा अर्धा तास घालून घासायलाही बसली, तेव्हा मला जरा शरमल्यासारखं झालं. जुईने तिला "चालेल" म्हणून पास केलं.

२ डिसेंबर, मंगळ.

दुपारी अक्का आल्या. एकच अंगण, एकच फाटक, पण थोरल्या जाऊबाई माझ्या दारात अशा मुद्दाम येऊन बसतात तेव्हा काहीतरी असतंच.

चौदा तारखेला वडगावची माणसं येणार आहेत प्राजक्ताला बघायला. मुलगा एकुलता एक, कंपनीत परमनंट. फोटो पसंत आहे, पत्रिका जुळली, दोघं फोनवर दोनदा बोललीत. मला खरंच आनंद झाला. म्हटलं, स्वयंपाकाचं माझ्याकडे सोडा.

अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

"कल्पे, त्या दिशी जुईला तुज्या म्हायेरी ने. दुपारपत्तुर."

"चौदा तारखेला तिचा वाढदिवस आहे, अक्का."

"म्हाईत न्हाई का मला? सोमवारी करू की. मी सोता शिरा करते. पर त्या मान्सांच्या म्होरं नगं. लोक इचारत्यात, घरान्यात हाय का म्हनून."

जुईच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा पुण्याच्या हॉस्पिटलात माझ्याबरोबर फरशीवर झोपायला दुसरं कुणी नव्हतं. अक्का होत्या. डॉक्टर बोलले ते त्यांनीही ऐकलंय. मी म्हटलं, तुमच्यासमोरच सांगितलं ना त्यांनी, घराण्याचा काही संबंध नाही, कुणाच्याही पोटी होऊ शकतं.

"मला कळलं गं. त्यास्नी कोन सांगनार?"

"मी सांगेन."

त्या उठून गेल्या. चहा तसाच.

३ डिसें., बुध.

जुईचा बाप, दत्ता, आंबीच्या कंपनीतून रात्रपाळी करून आला, त्याला आधी झोपू द्यायला पाहिजे होतं. नाही दिलं. सगळं सांगितलं. जोडे काढता काढता म्हणाला, एका दिवसाचा तर प्रश्न आहे.

म्हटलं, अठरा वर्षं एकेका दिवसाचाच प्रश्न होता. तुझ्या मावसभावाच्या हळदीला तिला घरी ठेवली, एका दिवसाचा प्रश्न. थोरल्या भावजींच्या घरभरणीला ती मागच्या खोलीत, एका दिवसाचा प्रश्न. ती दार वाजवत होती आणि बाहेर आपण पंगत वाढत होतो.

तो म्हणाला, प्राजूचं नुकसान व्हावं असं तुला वाटतं का?

नाही वाटत. म्हणून तर डोकं फुटायची वेळ आलीय. त्याला तसं बोलले नाही. न जेवता झोपला. मीही उठवला नाही.

५ डिसें., शुक्र.

भावजी स्वतः बोलले, म्हणजे किती वर्षांनी. त्यांचं माझं बोलणं पाणी आलं का, लाईट गेली का, एवढंच. म्हणाले, सोमवारी लोणावळ्याहून मोठा केक मागवतो, मांडव घालतो, अख्ख्या गावाला बोलावतो, फक्त रविवार सोडा. आवाज चढवला नाही. मुलीचा बाप आहे मी, एवढंच दोनदा म्हणाले.

मी म्हटलं, मीही मुलीची आई आहे.

त्यांनी मान हलवली आणि गेले. वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं.

६ डिसें., शनि.

मुनीरभाई जुईला सोडायला आले ते आज रिक्षा बंद करून खाली उतरले. मळवली स्टेशनवर त्यांची रिक्षा. शाळेला जाता-येता घर ते स्टेशन तेच नेतात. म्हणाले, कल्पनाताई, जुईला हिशोब द्यायचाय. वरच्या वाडीतली म्हातारी डोळा दाखवायला किती दिवस जायचं म्हणत होती, तिला खाली आणायला कोणी नव्हतं. आज मुनीरभाई अर्ध्या वाटेपर्यंत चढून गेले, हात धरून उतरवलं, दवाखान्यात नेऊन परत पोचवलं.

जुईने विचारलं, ती हसली का?

"हसली न्हाई गं. लय शिव्या घातल्या मला, रस्त्यातल्या खड्ड्यांवरून. पण डोळ्याचं ऑपरेशन ठरलं."

जुईने जरा विचार केला आणि चालेल म्हणाली. मुनीरभाई गावाला ऐकू जाईल एवढे हसले. अक्का ओट्यावरून बघत होत्या.

७ डिसें., रवि.

संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरल्यावर प्राजू आली. लोणावळ्याला मेडिकलच्या दुकानात असते, रविवारी अर्धा दिवस. माझ्याबरोबर कांदे चिरत बसली. 

मग तिनेच काढलं. अक्षय, म्हणजे तो मुलगा, तिला बरा वाटलाय. ऐकून घेतो म्हणे. फोनवर जुईचा विषय निघाला नाही. "म्हणजे मी काढला नाही, काकू." आणि आता आई रोज रडते.

मी विचारलं, तुला काय वाटतं?

"मला काही सुचत नाही."

मला राग आला. ही तरी. दहा वर्षांची असताना माझ्यासाठी पोट बिघडवून घेणारी पोर ही. पण तेव्हा तिला एक केक संपवायचा होता, आता अख्खं आयुष्य पुढं आहे. मी काही बोलले नाही. बोलले असते तर तिच्या मानेवर बसल्यासारखं झालं असतं.

एवढ्यात जुई आली. "प्राजू, तू कुणासाठी काय करणार?"

प्राजू म्हणाली, सांगते. कांद्यामुळे डोळे पुसले, असं म्हणाली.

१० डिसें., बुध.

आज अक्कांनी निरोप धाडला, माझ्या भावाला फोन करून झालाय, तो शनिवारी गाडी घेऊन येतोय जुईला न्यायला. माझ्या भावाला. मला न विचारता.

भावाला मी फोन केला. म्हटलं, येऊ नकोस. आलास तर जेवून जा, पण जुई येणार नाही.

ठरवलं आज. म्हणजे ठरलेलंच होतं, पण आज कुणाला तरी मोठ्याने सांगितलं.

११ डिसें., गुरु.

जेवणाच्या फळ्यावर खडूने लिहिलं आणि फाटकाला अडकवला: रविवारी जुईचा वाढदिवस. भेट आणू नका. कुणासाठी तरी काहीतरी करून या.

दळण घेऊन परत येते तो फळा गायब. भावजींच्या पडवीत पालथा ठेवलेला दिसला.

खिडक्या रंगवल्या होत्या त्यातला हिरवा ऑईलपेंट उरला होता. फाटकाच्या आतल्या भिंतीवर, आत येणाऱ्याला पहिलं दिसेल तिथं, तेच सगळं हातभर अक्षरांत लिहून काढलं. ब्रश जाड, त्यामुळे वाढदिवसचा 'ढ' गिचमिड झालाय. जुई बादली धरून उभी. दोघींच्या हाताला अजून रंग आहे.

अक्का बाहेर आल्या, वाचलं. मला वाटलं भांडतील. नुसत्या बघत राहिल्या आणि आत गेल्या. त्याचं जास्त लागलं. तरी भिंत आहे तशी राहील.

१३ डिसें., शनि.

दत्ताने भिंत परवाच बघितली, एक अक्षर बोलला नाही. आज कामाला जाताना म्हणाला, उद्या सुट्टी घेतलीय. कशासाठी, म्हटलं. म्हणाला, "पोरीचा वाढदिवस आहे." आणि गाडीला किक मारून गेला.

जुईने उद्यासाठी पिवळा ड्रेस काढून ठेवलाय. कुणाकुणाने काय केलं ते ऐकायला खुर्ची कुठं ठेवायची, यावर सकाळपासून तीन जागा बदलून झाल्या. शेवटी फाटकाशीच.

मला भीती वाटतेय. इथं लिहिते, बाहेर कुणाला सांगणार नाही.

१४ डिसें., रवि. (दुपार)

सगळं झालंय. अंगणात अजून माणसं आहेत. पाच मिनिटं आत बसून लिहिते, नाहीतर विसरेन कुणी काय म्हटलं ते.

सकाळपासून जुई खुर्चीत. मला वाटलं होतं पाचव्या वाढदिवसासारखंच होणार. झालं नाही. पोपटभाऊंची बायको आली, म्हणाली, माझ्या सवतीसारख्या नणंदेला फोन केला, वर्षभर बोलत नव्हतो. मुनीरभाई कुटुंब घेऊन आले. शेवटच्या घरातले आबा काठी टेकत आले आणि सरळ शिरा मागितला. जुईने विचारलं, तुम्ही काय केलं? आबा म्हणाले, मी काय करनार या वयात? "मग जा. करून या." म्हातारा खरंच परत गेला. तासाने आला. शेजारच्याच्या बैलांची दावण झाडून, पाणी भरून आलो म्हणाला. मग शिरा खाल्ला.

मी हसत होते तेवढ्यात वडगावची गाडी लागली.

मुलगा, आई, वडील, मामा. जुई फाटकातच. मुलाच्या आईने भिंत वाचली. जुईने तिला विचारलं, तुम्ही कुणासाठी काय केलं? ती बाई गोंधळली. अगं, आम्ही तर पाहुणे. "पाहुण्यांनी पण." मामा हसला. मुलाची आई हसली नाही. माझ्याकडे, मग जुईच्या तोंडाकडे बघितलं. ती नजर मला पाठ आहे.

अक्कांच्या घरात मी चहाचं बघत होते. प्राजू पोहे देऊन खुर्चीवर बसली, मान खाली. जुई माझ्या मागून आली आणि मधे सतरंजीवर मांडी घालून बसली, आपलं घर असल्यासारखी. आहेच.

मुलाच्या आईने विचारलं, ही कोण?

अक्का म्हणाल्या, "शेजारची हाय. येती-जाती."

 भावजी जमिनीकडे बघत होते. दत्ता दारात उभा होता, तो एक पाऊल आत आला. मी तोंड उघडणार एवढ्यात प्राजू बोलली. मान वर करून. आवाज कापत होता, पण अक्षर न् अक्षर ऐकू आलं.

"शेजारची नाही, आई. ही जुई. माझ्या काकांची मुलगी, माझी बहीण. तिला डाऊन सिंड्रोम आहे, जन्मापासून. आज तिचा वाढदिवस आहे." मग मुलाकडे बघून म्हणाली, "हे मी तुम्हाला फोनवरच सांगायला पाहिजे होतं."

मुलगा फक्त "हं" म्हणाला. त्याच्या आईने पोह्यांची बशी खाली ठेवली. वडिलांनी भावजींना विचारलं, घराण्यात अजून कुणी?

ते मी सांगितलं. म्हटलं, नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, घराण्याशी याचा संबंध नाही. आणि असता तरी मी लपवला नसता.

जुई एवढा वेळ मुलाच्या आईची बशी बघत होती. म्हणाली, खा ना, थंड होतात.

त्यांनी चहा घेतला. कळवतो म्हणाले. जाताना मुलगा बूट घालत होता तर जुईने गाठलाच. तू कुणासाठी काय केलं? तो म्हणाला, अजून काही नाही. "मग कर." बघतो म्हणाला. नीट बोलला, हसण्यावारी नेलं नाही. पण आई हाक मारत होती, गेला.

(संध्याकाळ)

अक्कांनी स्वयंपाकघरात मला धरलं. रडून चेहरा सुजलेला.

"तुज्या पोरीचा वाढदीस झाला, कल्पे. माज्या पोरीचं लगीन मोडलं."

त्यांचं खोटं नाही.  पण केलं ते मागेही घेत नाही.

प्राजू जुईच्या खुर्चीशी जाऊन बसली होती. तिला सांगत होती, बघ, मी आज केलं की नाही. सगळ्यांसमोर सांगितलं.

जुई म्हणाली, ते माझ्यासाठी झालं. ते नाही चालत. दुसऱ्यासाठी कर.

 प्राजू इतकी हसली, इतकी हसली की शेवटी रडायला लागली. दत्ताने पाणी आणून दिलं.

१५ डिसें., सोम.

भावजी सकाळी चुन्याची बादली घेऊन भिंतीशी उभे. दत्ता आडवा जाऊन उभा राहिला. "राहू दे दादा." एवढंच. दोघं भाऊ बराच वेळ तसेच. अंगाने दत्ता निम्मा आहे. मग भावजींनी बादली खाली ठेवली आणि रानात गेले.

लग्न होऊन आल्यापासून दत्ता त्यांना कशाला नाही म्हणाल्याचं मला आठवत नाही. दुपारी त्याला आवडते म्हणून शेंगदाण्याची आमटी केली. कशाबद्दल ते त्याने विचारलं नाही.

अक्का बोलत नाहीत. नळावर मी गेले की त्या हंडा तसाच ठेवून निघतात.

१७ डिसें., बुध.

मध्यस्थाचा फोन आला भावजींना. मुलगी पसंत आहे. शिकलेली आहे, स्पष्ट आहे. फक्त साखरपुड्यात आणि लग्नात "त्या मुलीला" पुढे आणू नये. फोटोत नको. पुढे येणं-जाणंही बेताचं असावं.

भावजींचा चेहरा उजळला. मला पडवीतून सगळं ऐकू येत होतं. एवढंच ना, म्हणाले. अक्कांनी देवापुढे साखर ठेवली.

प्राजू कामावरून आली. ऐकून घेतलं. मध्यस्थाला परत फोन लावून विचारलं, हे कोण म्हणतंय? त्याची आई की तो? मध्यस्थाला ते माहीत नव्हतं. घरचे म्हणाले, एवढंच.

"मग त्याने स्वतः सांगू दे."

अक्का रात्रीच्या भाकरी करताना पीठ आपटत होत्या. मी माझ्या घरात गप्प बसले. या वेळी काही बोलले तर ते माझं होईल, आणि हे प्राजूचं आहे. एवढं कळायला लागलंय मला. पण गप्प बसणं मला जमत नाही, दोन वाट्या फुटल्या.

१९ डिसें., शुक्र.

अक्षयचाच फोन आला प्राजूला. रविवारी लोणावळ्यात भेटू, बोलायचंय, म्हणाला. त्याच्या घरच्यांना सांगितलं नाही म्हणे अजून.

प्राजूने त्याला सांगितलं, मी माझ्या बहिणीला घेऊन येईन.

मी विचारलं, मग तो काय म्हणाला? आधी काहीच बोलला नाही म्हणे. तिला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, या.

नुसतं या. मी त्या एका शब्दाचे सकाळपासून शंभर अर्थ लावलेत. हो म्हणणारा माणूस असं म्हणतो, आणि तोंडावर नाही म्हणायला बोलावणाराही असंच म्हणतो.

प्राजूला म्हटलं, जुईला नेऊ नकोस, तुम्ही दोघं नीट बोला. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी शब्द गिळला. माझ्याच तोंडून आलं ते. एका दिवसाचाच तर प्रश्न.

"काकू, तिला तिथे बसवून जे बोलता येत नसेल, ते मला ऐकायचंच नाही."

२१ डिसें., रवि.

सकाळच्या गाडीने गेल्या दोघी. मुनीरभाईंनी स्टेशनवर सोडलं. थंडी होती. फाटकाशी जुई उभी होती तर अक्का आतून आल्या, माझ्याकडे न बघता. स्वतःची तपकिरी शाल जुईच्या कानावरून घट्ट गुंडाळली, हनुवटीखाली पिन लावली. "घाटातलं वारं लागंल," तिला म्हणाल्या. मला नाही. प्राजूच्या केसांवरून हात फिरवला आणि आत गेल्या.

दुपारचं गिऱ्हाईक झालं. दत्ताने वाढायला मदत केली. भावजी एकदा फाटकापर्यंत जाऊन आले, उगाच.

उन्हं कलली तशी मी ओट्यावर तांदूळ निवडायला बसले. थोड्या वेळाने अक्का सूप घेऊन आल्या आणि पलीकडच्या टोकाला बसल्या. इंद्रायणीच होता त्यांच्याही सुपात. दोघी आपापले खडे काढत होतो. मळवलीला गाडी थांबली की इथपर्यंत ऐकू येतं. एक थांबली. रिक्षा आली नाही. आणखी एक थांबली.

"फोन लावू का?" अक्का म्हणाल्या. आठवड्यानंतरचा पहिला शब्द.

मी म्हटलं, नको, अक्का. बोलू द्या त्यांना.

त्यांनी फोन मांडीखाली सरकवला. माझ्या सुपातले तांदूळ बघितले आणि म्हणाल्या, तुला डोळ्याला दिसत न्हाई, हे काय खडं ठेवलंस. आणि सरकून जवळ आल्या, माझ्या सुपात हात घातला.

पोरी अजून आल्या नाहीत. अंधार पडायला थोडा वेळ आहे.